डावीकडचा जावई

सेल्विन हेलिवेलला मी ओळखते त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील, आणि त्यातली बरीचशी मी त्याच्यावर वैतागण्यात घालवली. माणूस वाईट नाही. चांगल्या माणसांचा जो एक त्रास असतो, तोच त्याचा होता. त्याचं सगळं बरोबर असायचं. वेळ बरोबर, मोजे बरोबर, सँडविचच्या कडा कापलेल्या त्यासुद्धा बरोबर. जन्मभर त्याने दरीतली बस चालवली, कुणाच्या कुंपणालाही कधी ओरखडा काढला नाही, आणि ही गोष्ट तो आम्हाला विसरू द्यायचा नाही.

माझं सायकलचं दुकान पुलाला लागून, चॅपलच्या खाली. नवरा गेल्यापासून मीच बघते. आमच्या क्लबाचे लोक हिवाळा आला की फिक्स सायकली काढतात. म्हणजे अशी सायकल, की चाक फिरलं की पायडल फिरतंच. उताराला पाय सोडून मजेत बसणं तिच्यावर नाही. वेग कमी करायचा तर पाय आवळायचे. पण आमचे उतार असे मेले, की नुसत्या पायांनी भागत नाही, म्हणून पुढच्या चाकाला एक ब्रेक. त्याचं लिव्हर उजव्या हाताला. ते उजव्याच हाताला असतं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. डाव्या हाताला तसंच दुसरं लिव्हर बसवतात, पण त्याला वायर नसते. चढावर दोन्ही पंजे टेकायला दोन्हीकडे सारखं काहीतरी हवं, एवढ्यासाठी ते. ऐटीत बसलेलं असतं, करत काही नाही. त्याला आम्ही जावई म्हणतो.

सेल्विनची ख्याती टेपची. हँडलला टेप गुंडाळावा तर त्यानेच. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी माझ्या दुकानामागच्या खोलीत सगळा क्लब सायकली घेऊन यायचा, आणि हा खुर्चीत बसून एकेकाचं हँडल मांडीवर घ्यायचा. खालच्या टोकापासून वर, बाहेरच्या अंगाला पीळ देत, कुठे सुरकुती म्हणून नाही. टेप सुतीच हवा, पातळ. कुणी जाड कॉर्कचा टेप आणला की म्हणायचा, "हँडलला स्वेटर घालतोस काय? थंडी वाजते त्याला?" मग तो माणूस मुकाट्याने तो टेप परत करायचा. मला दुसरा विकायला मिळायचा, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

क्लबाचा अध्यक्षही तोच. रविवारच्या फेरीत पुढे तोच. आणि नियम म्हणजे त्याचा जीव की प्राण. हॉरेस ओग्डेन म्हणून एक म्हातारा होता, सगळ्यांत जुना. त्याचे हात थरथरायला लागले. एका रविवारी कॅफेच्या फाटकात, सगळे उभे असताना, सेल्विन त्याला म्हणाला, "हॉरेस, तुला ब्रेक धरता येत नाही. ज्याला ब्रेक धरता येत नाही त्याने घरी बसावं. दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये." बोलणं खोटं नव्हतं. पण बाजूला घेऊन बोलता आलं असतं. हॉरेसने मान डोलावली, सायकल वळवली आणि गेला. परत कधी आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात वारलाच.

आता पुढचं जे सांगते ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता सगळ्या दरीला ठाऊक आहे, म्हणून सरळ क्रमाने सांगून टाकते.

हॉरेस गेल्यावर एका सप्टेंबरात, सकाळी, सेल्विनच्या उजव्या हातातून चहाचा मग पडला. त्याला वाटलं, झोपेत हात अंगाखाली आला असेल. पण दुसरा मगही पडला. मग गळ्याजवळचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस आहे, आता ह्या वयात फार सुधारणा होईल असं नाही. बोटं हलायची, पण मूठ वळायची नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात बघायला कुणी नाही. ह्याने बटणाचे शर्ट सोडले आणि स्वेटर घालायला लागला. बाहेर पडला की उजवा हात खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ह्याची मूठ मिटेल तर झाकेल ना.

सरळ येऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि ब्रेक डावीकडे बसवून दिला असता. पण त्याला कॅफेच्या फाटकातला हॉरेस दिसत होता. जे आपण चारचौघांत दुसऱ्याला म्हटलं ते आपल्याला कुणी म्हणेल, ह्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने ठरवलं, हे कळू द्यायचंच नाही.

तर तो एका मंगळवारी दुकानात आला, गिऱ्हाईक नसेल अशा वेळेला. म्हणाला, "मेव्हिस, जुनी लिव्हरं दाखव. जोडी हवी. दोन्ही अगदी सारखी."

"तुझ्या सायकलवर आहेत की."

"त्यांची वायर वरून कमानीसारखी जाते. मला टेपच्या खालून जाणारी हवीत."

मी खोकं त्याच्यापुढे ठेवलं. तो एकेक उचलून दाबून बघायला लागला. डाव्या हाताने. उजव्या खिशात टोपी आहे म्हणून हात आत असेल, असं मला वाटलं. म्हणजे खरं तर मला काहीच वाटलं नाही, मी हिशेबाच्या वैतागात होते. एक घट्ट म्हणून ठेवलं, दुसऱ्याचा रबर फाटका म्हणून ठेवलं. लग्नाला मुलगी बघावी तसा चालला होता त्याचा प्रकार. शेवटी एक जोडी निघाली, काळी, हलक्या स्प्रिंगची, लहान मुलानेही दाबावी अशी.

"ही पोराटोरांची आहेत," मी म्हणाले.

"असू दे. आणि टेप दे. कॉर्कचा, काळा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "कॉर्कचा? तुला? सेल्विन, धर्म बदललास की काय?"

"हाताला गारठा लागतो आता. वय झालं, मेव्हिस."

"म्हणजे हँडलला स्वेटर."

"हो. हँडलला स्वेटर," तो म्हणाला, आणि हसला नाही. मग हँडलला पुढे बांधायची एक छोटी कापडी पिशवीही घेतली त्याने. ती कशाला, तर सँडविच ठेवायला.

जाड टेप कशाला, ते आता सांगते. त्याने घरी बसून खरा ब्रेक डावीकडच्या लिव्हरला जोडला, आणि जावई उजवीकडे बसवला. वायरीचा उंचवटा कॉर्कखाली लपला, आणि वायर मध्यात कुठल्या बाजूने बाहेर येते ते पिशवीने झाकलं. बाहेरून बघणाऱ्याला सायकल जशीच्या तशी. उजवं लिव्हर खुळखुळू नये म्हणून आत कापडाची घडीसुद्धा घातली होती. सगळं बरोबर करायची सवय ती.

ऑक्टोबरातला टेपचा शनिवार आला तेव्हा म्हणाला, "ह्या वर्षी तुम्हीच शिका, मी नुसता बघतो." लोकांनी वेडेवाकडे टेप गुंडाळले आणि तो काही बोलला नाही. पिशवीवरून मात्र त्याची यथेच्छ टिंगल झाली. रॉडनी शार्प आमच्यातला वात्रट, पोस्टमन आहे, त्याच्या जिभेला हाड नाही. "काय अध्यक्ष, पर्स छान आहे. लिपस्टिक पण ठेवलीय का?" सगळे हसले. सेल्विनही हसला. त्याला ती टिंगल स्वस्तात पडत होती.

आता बेव्हर्ली. बेव्हर्ली क्रॅबट्री, आमची बेव्ह, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. उंच, हाडापेराने मोठी, आणि फिक्स सायकलवर अशी की बघत राहावं. उताराला तिचे पाय शिवणयंत्रासारखे चालतात आणि वरचं अंग हलत नाही. ती लहान असताना सेल्विननेच तिला शिकवलं. दोघांची उंची एक, सायकलचं मापही एक. घरी तिची आई, अंथरुणाला खिळलेली. रविवारी दुपारपर्यंत एक बाई आईजवळ बसते, तेवढाच बेव्हचा आठवड्यातला मोकळा वेळ.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सगळे माळावरच्या कॅफेत बसले होते, बीन्स-टोस्ट आणि चहा. निघताना बघतात तो बेव्हच्या मागच्या चाकाचा आस मोडलेला. जागच्या जागी दुरुस्त होण्यातला नाही. सेल्विनने कॅफेतून मला फोन केला, व्हॅन घेऊन वर ये. पण मी वर जाईपर्यंत दुपार होणार, आणि ती बाई ठरल्या वेळेनंतर एक मिनिट थांबत नाही.

रॉडनीच म्हणाला, "सेल्विनची घेऊन जा की. माप तेच. सेल्विन थांबेल तुझी मोडकी घेऊन, आणि मेव्हिसच्या व्हॅनमधून येईल राजासारखा."

सगळ्यांनी सेल्विनकडे बघितलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, की बेव्ह, ह्या सायकलचा ब्रेक डावीकडे आहे. मग कुणीतरी विचारलंच असतं, का रे? त्या प्रश्नाला तो घाबरला.

बेव्ह सायकलवर बसली. ब्रेक दाबून बघितला नाही. सेल्विनच्या सायकलचा ब्रेक तपासायचा म्हणजे पाद्र्याला विचारायचं, प्रार्थना येते का. म्हणाली, "जपून नेते बाबा तुझी लाडकी."

आणि सेल्विन म्हणाला, "सावकाश जा."

एवढंच म्हणाला. ती आणि रॉडनी निघाले, बाकीचे मागून.

मी व्हॅन काढत होते तेवढ्यात दुकानातला फोन परत वाजला. सेल्विन. "मेव्हिस, बेव्ह तुला वाटेत भेटेल. तिला थांबव."

"का? काय झालं?"

म्हणाला, "वारा फार आहे."

"अरे, ती काय आज पहिल्यांदा चालवतेय? तू म्हातारा झालास," मी म्हणाले आणि फोन ठेवला. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. वारा आहे म्हणून कुणी कुणाला थांबवतं होय?

माळावर रस्ता सपाट आहे, तिथे पायांनीच भागतं. मग थॉर्न बँकचा उतार सुरू होतो, आणि खाली मेंढ्यांच्या गोठ्यापाशी काटकोनी वळण. मी वर चढत त्या वळणापाशी आले तर रॉडनी रस्त्याच्या मधोमध उभा, दोन्ही हात हलवत. बेव्ह दगडी कुंपणाच्या पायथ्याशी. हनुवटी फाटलेली, पुढचा दात गेलेला, उजवा खांदा भलत्याच जागी. सायकलच्या पुढच्या चाकाचा पापड झाला होता, आणि ब्रेक, पिशवी, सगळं दगडांत चेचलेलं. शुद्धीवर होती, पण तेच तेच विचारत होती. "काय झालं? मी ब्रेक लावला ना?"

रॉडनीचे ओठ पांढरे पडले होते. "नाही लावला," तो मला हळूच म्हणाला. "मी मागेच होतो. जराही वेग कमी झाला नाही गं. सरळ भिंतीत गेली."

अँब्युलन्स तिला घेऊन गेली. मी वर कॅफेत गेले. सेल्विन बाहेरच उभा होता. मी सांगितलं. तो खाली बाकावर बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "ती काही बोलली का?"

मला वाटलं, काळजी. म्हणाले, "बोलतेय, बोलतेय. जिवावरचं नाही." त्याची सायकल मी उचलून व्हॅनमध्ये टाकली होती. दुकानात ठेवते म्हटलं, तर म्हणाला, "नको. माझ्या शेडमध्ये टाक. हात लावू नकोस तू, मी बघतो."

बेव्हला डोक्याला मार बसल्यामुळे त्या उताराचं काहीच आठवत नव्हतं. कॅफेचं फाटक आठवत होतं, मग एकदम इस्पितळाचं छत. मी भेटायला गेले की माझा हात धरून विचारायची. "मेव्हिस, एवढी वर्षं चालवतेय मी. ब्रेक कसा नाही लावला? बोटं आपोआप जातात. कशी नाही गेली?"

"होतं असं," मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

"आईसारखं तर नाही ना व्हायला लागलं मला?" एकदा तिने विचारलं. तिच्या आईचं सुरुवातीला असंच झालं होतं. गॅस बंद करायचा राहायचा, दार उघडं राहायचं. मी तिचं पांघरूण सारखं केलं.

खांदा मोडलेला, आईला उचलणार कोण? आईला तात्पुरतं वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. आणि तिथे तिला भेटायला रोज कोण जायचं, तर सेल्विन. आल्याची बिस्किटं घेऊन. तिला वाचून दाखवायचा, उशी नीट करून द्यायचा, डाव्या हाताने. तिथल्या नर्सा म्हणायच्या, देवमाणूस आहे हो. चॅपलमध्येही तेच. बेव्हने मला सांगितलं, "सगळे आपापल्या कामाला लागले, हा एकटा उभा राहिला बघ माझ्या मागे." मी हे सेल्विनला सांगितलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो उठून बाहेर गेला.

बेव्ह म्हणाली, मी आता सायकल सोडणार. आस बदलून मी दुकानात ठेवलेली तिची सायकलसुद्धा विकून टाक म्हणाली. मी तिला किमतीची चिठ्ठी लावली नाही. नुसती ठेवून दिली.

फेब्रुवारीत चॅपलच्या हॉलमध्ये क्लबाचं जेवण असतं. बीफ, ग्रेव्ही, वाफाळते बटाटे, आणि मग बक्षिसं. शेवटचं बक्षीस वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या गाढवपणाचं. एका लाकडी पाटीवर जुनं, बिनवायरचं लिव्हर ठोकलेलं आहे. जावई ढाल म्हणतात तिला. मला ती एकदा मिळालीय, रॉडनीला कितीतरी वेळा. आमच्याकडे जखमेवर असंच मीठ चोळतात, आणि ज्याची जखम त्याने हसायचं असतं. कमिटीने ठरवलं, ह्या वर्षी बेव्ह. रॉडनी तिला आधी विचारून आला. "द्या," ती म्हणाली, "तुम्ही मागे बोलण्यापेक्षा तोंडावर हसलेलं बरं."

ती आली. हात अजून झोळीत होता. हसायची वेळ आली की डावा हात तोंडावर धरायची, दातामुळे. रॉडनीने उभं राहून भाषण केलं. "मित्रहो, ब्रेक नावाची एक वस्तू असते. ती दाबायची असते. आपली बेव्ह ती नुसती बघत बसली." हॉल हसला. बेव्ह हसली. मी तिच्या शेजारीच बसले होते.

ढाल अध्यक्षाने द्यायची. सेल्विन पुढे उभा होता, चांगला कोट घालून, उजवा हात खिशात. बेव्ह गेली. ढाल त्याने डाव्या हाताने दिली, तिने डाव्या हाताने घेतली, काखेत धरली. मग हात मिळवायचा. तिचा उजवा झोळीत म्हणून तिने डावा पुढे केला. आता बघा, त्याच्यासाठी ह्याहून सोयीचं काही असूच शकलं नसतं. ह्यानेही डावा पुढे करायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि ही गोष्ट तिथेच संपायची. कुणाला कधी कळलं नसतं.

त्याने खिशातून उजवा हात काढला. पुढे धरला. पंजा कोरड्या पानासारखा आत वळलेला होता.

"हा धर," तो म्हणाला.

तिला कळेना. तिने आपल्या डाव्या हाताने तो कसातरी धरला.

"मी दाबतोय," सेल्विन म्हणाला. "असेल नसेल ती ताकद लावून दाबतोय. तुला लागतंय काही?"

"नाही."

"सप्टेंबरपासून असंच आहे. मला उजवा ब्रेक धरता येत नाही. म्हणून मी तो डावीकडे बसवला. जावई उजवीकडे होता, बेव्ह. टेपखाली झाकलं होतं मी सगळं, कुणाला कळू नये म्हणून. तू ब्रेक लावला होतास. लावलाच असणार. तिथे ब्रेक नव्हता."

बेव्हने त्याचा हात अजून सोडला नव्हता.

"कॅफेच्या दारात एक वाक्य बोलायचं होतं," तो म्हणाला. "मला लाज वाटली. मी सावकाश जा म्हणालो."

बेव्ह त्याच्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी लावला होता."

"हो."

"मी विसरले नव्हते."

"नाही."

"माझ्या बोटांनी लावला होता," ती म्हणाली. मला वाटलं आता रडेल. पण तिने मान वर केली. "माझ्या आईला तू बिस्किटं नेत होतास."

"हो."

"रोज नेत होतास. आणि मी रोज रात्री पडल्या पडल्या विचार करत होते की माझं डोकं चाललंय. आणि तुला माहीत होतं."

"हो, बेव्ह."

त्याला आणखी काही बोलायचं असेल, पण तिने ऐकून घेतलं नाही. ढाल टेबलावर पालथी ठेवली, कोट एका खांद्यावर टाकला आणि गेली. मी तिच्यामागे गेले. रॉडनी ताटाकडे बघत बसला होता. सेल्विनने हात परत खिशात घातला नाही. तसाच लोंबता ठेवून तिथे उभा राहिला, आणि कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने अध्यक्षपद सोडलं. ती चेचलेली सायकल माझ्याकडे आणून टाकली आणि म्हणाला, भंगारात घाल. मी तिचा टेप सोडवला. डावीकडचा ठीक होता, पण उजवीकडचा पीळ उलटा होता, आतल्या अंगाचा, आणि मध्ये मध्ये दातांच्या खुणा. डाव्या हाताने आणि दातांनी गुंडाळला होता त्याने. मी त्याच्यावर भडकलेली होते. पण त्या खुणा बघून मला काय वाटलं ते मी सांगत नाही. चाक नवीन घातलं, ब्रेक सरळ केला आणि सायकल खुंटीला टांगून ठेवली.

एप्रिलात बेव्ह दुकानात आली. झोळी गेली होती, दात नवा बसवला होता. "माझी सायकल विकली नाहीस ना?"

"चिठ्ठीच लावली नाही."

"लिव्हरं दाखव. हलक्या स्प्रिंगची. खांद्याने हाताची ताकद खाल्लीय." मी तेच खोकं पुढे ठेवलं. तिने उजव्या हाताने एकेक दाबून बघितलं, हळूहळू, दाबताना चेहरा वाकडा व्हायचा. दोन निवडली. "दोन्हींना वायर घाल. मागच्या चाकालाही ब्रेक लाव."

"फिक्सला मागे ब्रेक? लोक हसतील."

"हसू देत. मला जावई नको घरात. आणि टेप सुती दे. पिवळा."

मग तिची नजर खुंटीकडे गेली. "ती त्याची?"

मी हो म्हटलं. तिने काउंटरवरचा पाना उचलला, सायकल खाली घेतली आणि तिच्या हँडलवरून उजवीकडचं लिव्हर काढून माझ्यापुढे ठेवलं. "ही बाजू अशीच राहू दे, रिकामी. टेप पातळ लाव. वायर टेपच्या वरून घे, उघडी. पिशवी नको. लांबून दिसलं पाहिजे, उजवीकडे काही नाही म्हणून."

"तो येणार नाही, बेव्ह. दार उघडत नाही कुणाला."

"सांग त्याला मी बोलावलंय. हॉरेस घरी बसून मेला. मला आणखी एक नकोय."

"म्हणजे माफ केलंस त्याला?"

"मला सायकलचं विचार," ती म्हणाली, "बाकीचं विचारू नकोस."

तो आला. आता रविवारी सगळ्यांच्या मागे असतो, एका लिव्हरच्या हँडलने. कुणी त्याला काही म्हणत नाही. रॉडनीसुद्धा नाही, आणि मला वाटतं सेल्विनला तेच जास्त लागतं. बेव्ह त्याच्याशी वाऱ्यापावसाचं बोलते, तेवढंच. कॅफेपाशी पोचलं की तो सायकलची उजवी बाजू भिंतीकडे करून टेकवतो, म्हणजे रिकामं हँडल दिसायला नको. बेव्ह आत जाता जाता थांबते, काही न बोलता ती सायकल उचलते आणि फिरवून ठेवते.